कच्चा मोतिया

हुसेनसाब मास्तर चोर आहेत असं सिद्धेश्वरी म्हणालीच नव्हती. ती एवढंच म्हणाली होती, "मामा, मी बसवलेला दिवा हा नव्हे." पण चिंचोळी एमआयडीसीतल्या सूत रंगवायच्या कारखान्यात, चालू पाळीत, कामगारांच्या देखत बोललेल्या वाक्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. तिचं वाक्य संपायच्या आत प्रभुलिंगमामांनी हात जोडले होते.

"मास्तर, लई झालं. उद्यापासनं येऊ नका."

हुसेनसाबांनी बॅटरी तिच्या हातून घेतली, पुन्हा एकदा पांढऱ्या कागदावर मारून बघितली आणि विचारलं, "दिवाच पिवळा झालाय? नक्की?"

"नक्की."

"दिवाच ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क सुटका झाल्याचा भाव दिसला. सिद्धेश्वरीला ते खटकलं. घरी पाठवलेला माणूस असा सुटल्यासारखा दिसतो का? मग बॅटरी तिला परत देऊन ते खुंटीवरची टोपी घेऊन निघून गेले.

गोष्ट सुरू झाली होती तीन महिन्यांपूर्वी. सिद्धेश्वरी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि नोकरी मिळेपर्यंत बाळीवेशीतल्या घराच्या मागच्या खोलीत बॅटऱ्या खोलून बसत होती. बाजारातली एलईडी बॅटरी उजेड भरपूर देते, पण त्या उजेडात टोमॅटो विटकरी दिसतो आणि माणूस आजारी दिसतो, कारण त्या उजेडात लाल रंगाचा वाटा कमी असतो. बॅटरीत दिव्याच्या जागी एक बारीक चौकोनी तुकडा असतो. त्याला एमिटर म्हणतात. तिच्या आईनं, ईरम्मानं, मात्र त्याचं नाव टिकली ठेवलं होतं, आणि घरात तेच चाललं. सिद्धेश्वरी मूळची टिकली काढायची आणि सगळे रंग खरे दाखवणारी टिकली बसवायची. त्यासाठी घरातली जुनी इस्त्री उलटी करून ती विटांवर ठेवायची, तापलेल्या पत्र्यावर अॅल्युमिनियमची चकती ठेवायची आणि डाख वितळला की चिमट्यानं टिकल्या बदलायची.

"इस्त्रीवर पोळ्या भाजायच्या तेवढ्या राहिल्यात," ईरम्मा म्हणायची. "सासरी विचारलं तर काय सांगू, पोरगी टिकल्या भाजते?"

प्रभुलिंगमामा ईरम्माचे चुलतभाऊ. त्यांच्या कारखान्यात टॉवेलचं सूत रंगायचं. रंगाची लडी बाहेर आली की ती नमुन्याशी जुळते का हे बघून 'पास' म्हणायचं काम अडतीस वर्षं हुसेनसाब करत होते. दिवसा ते लडी घेऊन गच्चीवर जायचे. दुसऱ्या पाळीत सूर्य नाही, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवतो, म्हणून संध्याकाळचे लॉट सकाळपर्यंत अडकून पडायचे. सिद्धेश्वरीनं त्यांना भर दुपारच्या उजेडाजवळ जाणारी बॅटरी करून दिली. मास्तरांनी ती आठवडाभर गच्चीवरच्या उन्हाशी ताडून बघितली आणि मग डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तू मला रात्रीचा सूर्य दिलास." एकच तक्रार होती, की कारखान्यातली वाफ काचेच्या आत जाते. मग तिनं काचेच्या कडेनं झटपट चिकटणारा गोंद सोडला आणि बॅटरी पक्की बंद करून दिली. त्यालाही दीड महिना झाला होता.

आणि आता मोतिया रंगाचे तीन लॉट पार्टीनं परत पाठवले होते. मोतिया म्हणजे मोत्यासारखा पांढरा. आलेलं सूत मात्र पिवळसर होतं, दुधात हळदीचं बोट बुडवल्यासारखं.

प्रभुलिंगमामांनी तिला बोलावून घेतलं ते बॅटरी तपासायला नव्हे, साक्ष काढायला. केबिनचं दार लावून त्यांनी आवाज खाली आणला होता.

"हे बघ यव्वा, तुला म्हणून सांगतो. मास्तर महिनाभर दुपारचे गायब असतात. विचारलं की म्हणतात, जरा काम होतं. आणि परवा मी माझ्या कानांनी ऐकलं. फोनवर सुनेशी बोलत होते. काय म्हणाले ठाऊक हाय? 'मोतिया पका नै अबी. पकने दे, फिर निकालते. सेठ कू नक्को बोल.'"

सिद्धेश्वरीला दखनी पुरेशी समजत होती. मोतिया अजून पक्का नाही. होऊ दे, मग काढू. सेठला सांगू नकोस.

"रंग पक्का झाला की माल बाहेर काढणार," मामा म्हणाले. "चांगला माल दुसऱ्याच्या घरात आणि खराब माल माझ्या पार्टीला. अजून काय पाहिजे?"

तिनं परत आलेल्या लॉटचे कागद मागून घेतले. तिन्ही लॉट दुसऱ्या पाळीत पास झालेले, म्हणजे बॅटरीच्या उजेडात. दिवसा पास झालेला एकही परत आला नव्हता. दुसऱ्या पाळीत मामा कारखान्यात नसतात. मास्तर असतात. दोन गोष्टी जुळल्या आणि तिच्या मनात संशयानं पाय पसरले. खाली येऊन तिनं बॅटरी लावली. उजेड पिवळट आणि मंद. काचेतून निरखलं तर आतली टिकली तपकिरी, करपल्यासारखी. तिनं बसवलेली टिकली लिंबासारखी पिवळी आणि स्वच्छ होती. कुणीतरी तिची महाग टिकली काढून भलतीच बसवली होती, ज्या उजेडात पांढरं आणि पिवळं एक दिसावं अशी. असा उजेड कुणाच्या सोयीचा? तेव्हा ती ते वाक्य बोलली.

घरी येताना बसमध्ये बॅटरी तिच्या मांडीवर होती. संशयाला पुरावा लागतो, हे तिला शिकवलेलं होतं. बदललेली टिकली काढून, तिचा फोटो घेऊन, कुठल्या प्रकारची आहे ते लिहून मामांकडे द्यायचं असं तिनं ठरवलं.

सकाळी तिनं ब्लेडनं गोंद खरवडला. काच निघाली तसा आतून आंबूस, डोळ्याला झोंबणारा वास आला. टिकलीभोवतीचं पांढरं कडं उचललं आणि तिचा हात थांबला. चकतीच्या कोपऱ्यावर सुईनं कोरलेला बारीक 'सि' होता. ती प्रत्येक चकतीवर तो कोरायची, कड्याखाली, कुणाला दिसणार नाही असा. मग तिनं भिंगातून डाख बघितला. तिचाच. उजव्या तारेला नेहमीसारखा जरा जास्त. कुणीही काही काढलं नव्हतं. ही तिचीच टिकली होती.

"मग ती करपली कशानं?" ईरम्मानं दारातून विचारलं.

"करपली तर पेटली नसती."

"मग?"

"माहीत नाही गं."

तिनं काच न लावताच दिवा चालू करून टेबलावर ठेवला आणि जेवायला गेली. परत आली तेव्हा तपकिरी डाग कडेनं फिका झाला होता. दुपारी दोनपर्यंत टिकली लिंबासारखी स्वच्छ झाली आणि उजेड पांढरा पडला. पुरावा तिच्या डोळ्यांदेखत विरघळून गेला होता, आणि तो विरघळला यातच सगळं उत्तर होतं.

टिकलीवर सिलिकॉनचा पारदर्शक घुमट असतो. घुमटातून हवा थोडी थोडी ये-जा करते. बॅटरी बंद करून चिकटवली की गोंदाची वाफ आत कोंडते, घुमटात शिरते आणि दिव्याच्या उष्णतेनं व निळ्या प्रकाशानं तिथं तपकिरी पडते. तो तपकिरी थर निळा उजेड गिळतो. निळा गेला की उरतो पिवळा, आणि पिवळ्या उजेडात पांढरं आणि पिवळसर सारखंच दिसतं. बॅटरी उघडली, ताजी हवा लागली, की डाग आपोआप जातो. हे तिनं कुठंतरी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि आठवलेलं यांत अंतर असतं.

तरी तिनं खात्री केली. दोन सारख्या बॅटऱ्या घेतल्या. एकीत बाटलीच्या झाकणाला गोंदाचे दोन थेंब लावून ते आत ठेवलं, दुसरीत कोरडं झाकण, आणि दोन्ही चालू ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गोंदवाली टिकली चहासारखी झाली होती. कोरडी जशीच्या तशी.

चोर सापडला होता. चोर बाळीवेशीत राहत होता आणि एम.एस्सी. होता.

आता मामांना फोन करायचा, एवढंच उरलं होतं. पण मोतिया पक्का होऊ दे, मग काढू, हे वाक्य तसंच शिल्लक होतं. गोंदानं सूत पिवळं झालं हे पटलं, तरी मामा म्हणणार, फोनचं काय? तिला स्वतःलाही ते टोचत होतं. दुपारी गायब होणं खरं होतं. सेठला सांगू नकोस, हेही खरं होतं. म्हणून ती आधी विजापूर वेशीकडे, हुसेनसाबांच्या घरी गेली.

दार हुसेनसाबांच्या सुनेनं, मुमताजनं उघडलं. ओळख सांगितल्यावर तिच्या कपाळावर आठी चढली.

"अब क्या बाकी है?" ती म्हणाली. मग मराठीत, "घर बी तपासणार का?"

"येऊ दे तिला," आतून हुसेनसाब म्हणाले.

ते खाटेवर मान मागे टाकून पडले होते. मुमताजनं त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब सोडले आणि बाटली फळीवर ठेवली. फळीवर डोळ्याच्या दवाखान्याची फाईल होती. वर निळ्या शाईत दुपारच्या वेळा लिहिल्या होत्या.

"चाचा," सिद्धेश्वरीनं विचारलं, "डोळ्याला काय झालंय?"

"मोतिया."

"सुताचा?" तिच्या तोंडून गेलं.

"तुमी मोतीबिंदू म्हणता की," ते म्हणाले. "आमच्यात मोतियाच. डॉक्टर म्हणतो, अजून कच्चा हाय. पकला की काढू."

सिद्धेश्वरी जवळच्या पेटीवर बसली. मग तिनं सगळं सांगितलं, गोंद, वाफ, दोन बॅटऱ्या, आणि मामांनी केबिनमध्ये तिला सांगितलेलं वाक्य. मुमताज आधी हसायला लागली आणि मग रडायला.

"म्हणजे सेठला वाटलं, आम्ही त्याचं सूत काढतोय? या अल्ला! अब्बांच्या डोळ्यातला मोतिया गं!"

हुसेनसाब हसले नाहीत. "महिनाभर मला वाटत होतं, नजर चालली. संध्याकाळी बॅटरी लावली की सगळं जरा पिवळं. रोज थोडं जास्त. मी म्हटलं, हा डोळ्यातलाच रंग. सेठला कळलं तर घरी बसवंल. म्हणून गप बसलो, आन् तसाच पास करत गेलो." ते थांबले. "तू त्या दिवशी म्हणालीस, दिवाच पिवळा. मला तर ईद झाली."

म्हणून ती सुटका. तिनं ती चोराची समजली होती.

"मी मामांना आत्ता जाऊन सांगते."

"काय सांगशील?"

"गोंदाचं. आणि फोनचं."

"फोनचं सांगितलंस तर चोरी जाती, खरं हाय. पर डोळ्याचं येतं." ते उठून बसले. "रंगाच्या मास्तरच्या डोळ्यात मोतिया. कोण ठेवतो? आता तूच सांग बेटा, चोर म्हणून घरी बसणं बरं की आंधळा म्हणून?"

सिद्धेश्वरीनं परत आलेल्या लॉटचे तीन कागद पुढं केले. "चाचा, दिवसा पास केलेला एकही लॉट परत आला नाही. महिनाभरात एकही नाही. गच्चीवर तर डोळे हेच होते ना? मला वाटतं तुमचा मोतिया अजून रंग बिघडवण्याइतका नाही. पण हे माझं वाटणं झालं. सिद्ध झालेलं नाही."

"सिद्ध कसं करायचं?"

"गच्चीवर. उन्हात. मामांसमोर."

त्यांनी फळीवरच्या फाईलकडे बघितलं. मुमताज म्हणाली, "अब्बा, नक्को जाओ." मग त्यांनी टोपी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला प्रभुलिंगमामांनी केबिनमध्ये सगळं ऐकून घेतलं. गोंदाचं ऐकताना ते दोन्ही बॅटऱ्या आलटून पालटून कागदावर मारत राहिले. मोतियाचं हुसेनसाबांनी स्वतः सांगितलं, एका वाक्यात. मामांचे कान लाल झाले. पण व्यापारी माणूस लाजला तरी गाफील राहत नाही.

"गोंदाचं मान्य. मोतियाचं बी मान्य, माझ्या ऐकण्यात घोटाळा झाला," ते म्हणाले. "पण पार्टीला मी कळवलंय, मास्तर बदलला म्हणून. आता परत आणू आणि वर ह्यांच्या डोळ्यात... तूच बोल, तू शिकलेली हायस."

"बोलत नाही, दाखवते," सिद्धेश्वरी म्हणाली.

गुदामातून तिनं मोतियाच्या आठ लड्या निवडून आणल्या, वेगवेगळ्या लॉटच्या, परत आलेल्याही. प्रत्येकीच्या गाठीच्या आत लॉटचा आकडा लिहिलेली चिठ्ठी खोचली. गच्चीवर ऊन असं होतं की सिमेंटवर पाय ठरत नव्हता. लड्या चादरीवर ठेवून ती बाजूला झाली.

"पांढरी ती डावीकडं, पिवळी ती उजवीकडं. सगळ्या क्रमानं लावा."

"अडतीस वर्षांनी परीक्षा," हुसेनसाब पुटपुटले आणि उकिडवे बसले. त्यांनी एकेक लडी उचलली, बोटांवर पसरली, उन्हाकडे पाठ करून बघितली. तीन लगेच उजवीकडे गेल्या. मग आणखी तीन डावीकडे, थोड्या थोड्या अंतरानं. दोन उरल्या. त्या त्यांनी शेजारी धरल्या, अदलाबदल केली, एक दुसरीवर आडवी ठेवली. घाम त्यांच्या दाढीतून ठिबकत होता. सिद्धेश्वरीनं बोटं आवळून धरली होती.

"ह्या दोन," ते शेवटी म्हणाले, "मला येगळ्या दिसत न्हाईत."

मामांनी तिच्याकडे बघितलं. "ऐकलंस? नाही दिसत म्हणतात." ते पुढं झाले, दोन्ही लड्या घेऊन कठड्याशी गेले आणि डोळे बारीक केले. "ही जरा पिवळी हाय की. सरळ दिसतंय. ही बघ, ह्या हातातली."

"चिठ्ठ्या काढा, मामा."

मामांनी गाठी सोडल्या. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच आकडा होता. एकाच लॉटच्या, एकाच भांड्यातून निघालेल्या लड्या. बाकी सहांच्या चिठ्ठ्याही तिनं परतीच्या कागदांशी ताडून बघितल्या. उजवीकडच्या तिन्ही परत आलेल्या लॉटच्या होत्या.

मामांनी चिठ्ठ्या उलटसुलट करून बघितल्या. त्यांना जिथं फरक दिसला होता तिथं फरक नव्हताच.

"तू मुद्दाम ठेवल्यास?" हुसेनसाबांनी विचारलं.

"हो."

"मी येगळ्या आहेत म्हणालो असतो तर?"

"तर मी मामांना सांगितलं असतं, की यांच्या नजरेवर विसंबू नका."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मायाही नव्हती. "बरं केलंस," ते म्हणाले. "हे असं दिव्याला बी रोज लावायचं. एक मोतिया, एक पिवळी. दिव्याला फरक कळंना, की दिवा बाद. आन् माझी नजर दर महिन्याला. मी होऊन येईन गच्चीवर, बोलवायची गरज न्हाई."

"मग उद्यापासनं या मास्तर," मामा घाईनं म्हणाले. "झालं गेलं..."

"झालं गेलं खाली झालंय, सेठ. वर येऊन मिटत नसतं."

मामांनी खाकरून घसा साफ केला आणि सिद्धेश्वरीकडे बघितलं. तिला कळलं, की पहिलं वाक्य तिचं होतं, तेव्हा हेही तिचंच.

खाली तिन्ही यंत्रं चालू होती. वाफ, पाण्याचा धडधडाट, पट्ट्यांचा आवाज. कामगार आपापल्या जागी होते आणि हुसेनसाबांना बघून हात न थांबवता नुसत्या माना वळत होत्या. सिद्धेश्वरी मधोमध उभी राहून बोलली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

मामांनी यंत्र बंद करायला हात उचलला.

"नका!" हुसेनसाब ओरडले. "मधीच थांबवलं तर लॉट डागाळंल. त्या पोरीला म्हणा, मोठ्यानं बोल."

तिनं छातीत हवा भरून घेतली. "मास्तरांनी काही बदललं नाही! बॅटरी माझ्यामुळं बिघडली! गोंद चुकीचा लावला होता!"

दूरच्या यंत्रावरच्या जोतिरामनं कानामागे हात धरला. "कुणी लावला?"

"मी!" सिद्धेश्वरी बेंबीच्या देठापासून ओरडली. "मी लावला होता!"